हँगरचा दरवाजा आधी, आराखडा नंतर

“दरवाजा काय, कधीही बसवता येतो, आधी शेड तर उभी करा.” छोट्या विमानांच्या हँगरबाबत दिला जाणारा हा सल्ला थेट जमिनीच्या मुळावर येतो.

जुहूचेच बघा. १९२८ साली सुरू झालेला हा विमानतळ आता शहराने वेढलेला आहे. वाढायला जागा नाही. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन ज्या पस मॉथ विमानातून इथे उतरले, त्याचे पंख मागे दुमडता येत. आजच्या सेसना १७२ चे ११ मीटरचे पंख दुमडत नाहीत. जागा वाचवायची तर ती हँगरनेच वाचवली पाहिजे.

सरकता दरवाजा स्वस्त आणि साधा, म्हणून तोच बरा, असे म्हणतात. स्वस्त आहे, हे खरे. पण उघडल्यावर पल्ले जातात कुठे? १२ मीटरच्या तोंडाला दोन-दोन मीटरचे सहा पल्ले लावून तीन डावीकडे, तीन उजवीकडे एकामागे एक सरकवले, तरी दोन्ही बाजूंना दोन-दोन मीटर भिंत लागते. बाराचे सोळा झाले. अशी दहा हँगर एका ओळीत बांधली की ओळ ४० मीटरने लांबते. हिशेब करणारे इथेच थांबतात, आणि मोठे नुकसान नजरेआड होते: हँगरपुढची टॅक्सीची वाटही तेवढीच लांबते. अमेरिकी विमान वाहतूक प्रशासनाच्या मापानुसार १५ मीटरपेक्षा कमी पंखविस्ताराच्या विमानांना ही वाट सुमारे २४ मीटर रुंद, मोकळी लागते. समोरासमोरच्या दोन ओळींत ती वाटली तर प्रत्येकीच्या खाती १२ मीटर. हँगरची खोली १० मीटर धरा. ४० गुणिले २२, म्हणजे ८८० चौरस मीटर जमीन नुसते पल्ले ठेवण्यात गेली.

शेजारच्या दरवाज्यापुढे पल्ले सरकवा, असे यावर सांगतात. मग त्याच वेळी शेजाऱ्याने विमान कसे बाहेर काढायचे?

मात्र वर उघडणारा कोणताही दरवाजा चालेल, हेही मला मान्य नाही. हायड्रॉलिकवर उचलला जाणारा अखंड पल्ला चार मीटर उंच असेल तर जवळपास तेवढाच बाहेर येतो. दोन्ही ओळींचे मिळून आठ मीटर जादा सोडा! मध्यावर घडी पडणारा दरवाजा त्याच्या निम्माच बाहेर येतो. त्याची घडी तोंडाची उंची थोडी खाते, वरची तुळईही भक्कम लागते. तो खर्च लोखंडाचा आहे. लोखंड विकत मिळते, जुहूत जमीन मिळत नाही.

टी आकाराची हँगर पाठीला पाठ लावून, शेपटीचे भाग एकमेकांत गुंतवून बांधली की दरवाज्याला दरवाजा भिडतो. तिथे घडीचाच दरवाजा हवा. पण शेपटीचा भाग पलीकडच्या दर्शनी भिंतीपर्यंत नेला असेल, तर दोन दरवाज्यांमध्ये आपोआप भिंत येते आणि पल्ल्यांना जादा जमीन लागत नाही. तिथे सरकता दरवाजा मी बिनदिक्कत निवडेन. फक्त पल्ले वरून टांगलेले असावेत, कारण मुंबईच्या पावसात जमिनीतला रूळ चिखलाने भरतो. एकदा खांब उभे राहिले की यातले काहीच बदलता येत नाही.

राहिला वीज जाण्याचा आक्षेप. घडीचा दरवाजा हाताने फिरवून उघडण्याची सोय निविदेतच लिहून घ्यावी; त्या भीतीपोटी ८८० चौरस मीटर सोडू नयेत.