प्रजासत्ताकाचा सम्राट

लोकक्रांतीचे साम्राज्य कसे होते, हा प्रश्न निघाला की साहित्याच्या वर्गांत बीथोवनची गोष्ट हमखास सांगितली जाते. नेपोलियन सम्राट झाल्याची वार्ता १८०४ साली कानी पडताच त्याने संतापून आपल्या तिसऱ्या सिंफनीचे शीर्षकपृष्ठ फाडले, असे त्याचा शिष्य फेर्डिनांड रीस सांगतो. आज उपलब्ध असलेल्या हस्तलिखित प्रतीवर बोनापार्टचे नाव इतक्या जोराने खरवडलेले आहे की कागदाला भोक पडले आहे. (त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये या सिंफनीचे खरे नाव ‘बोनापार्ट’ हेच आहे, असे त्याने प्रकाशकाला कळवले होते, ते मात्र वर्गात कोणी सांगत नाही.) गोष्ट देखणी आहे, आणि तिच्या देखणेपणाविषयीच आम्हांला शंका आहे. तिच्यात क्रांती निष्कलंक राहते आणि सारा दोष एका विश्वासघातकी सेनापतीच्या माथी जातो.

आमच्या मते त्या सेनापतीला प्रजासत्ताकानेच घडवले. आणि त्या कामी तलवारबहाद्दरांपेक्षा वकील, वक्ते व ग्रंथकार यांचाच हात मोठा होता.

प्रारंभ शोधायचा तर तो २० एप्रिल १७९२ या दिवशी शोधावा लागतो. त्या दिवशी फ्रान्सच्या विधिमंडळाने ऑस्ट्रियाविरुद्ध युद्ध पुकारले. ब्रिसो आणि त्याच्या सहकाऱ्यांना हे युद्ध हवे होते, कारण युद्धात राजाचे खरे रूप उघडे पडेल आणि स्वातंत्र्य सीमेपलीकडे पोहोचेल, असा त्यांचा हिशेब होता. राजालाही ते हवे होते, कारण पराभव झाला तर गेलेली सत्ता परत मिळण्याची आशा होती. विरोध करणाऱ्या मोजक्यांत रोबेस्पिएर होता. शस्त्रे घेऊन आलेला धर्मोपदेशक कोणालाच आवडत नाही, आणि विजयी सेनापती हा स्वातंत्र्याला शत्रूइतकाच धोकादायक असतो, अशा आशयाचे इशारे त्याने त्या हिवाळ्यात दिले होते. पुढे त्याच युद्धाच्या नावाने त्यानेच दहशतीची राजवट चालवली. म्हणून त्याचा इशारा खोटा ठरत नाही.

२३ ऑगस्ट १७९३ चा सार्वत्रिक लष्करभरतीचा हुकूम साहित्याच्या विद्यार्थ्यांनी एकदा तरी वाचावा. तरुणांनी लढावे, विवाहित पुरुषांनी शस्त्रे घडवावीत, स्त्रियांनी तंबू शिवावेत, मुलांनी जुन्या कापडाच्या पट्ट्या कराव्यात आणि वृद्धांनी चौकांत बसून राजांविषयीचा द्वेष शिकवावा, असे तो सांगतो. सरकारी हुकुमाला महाकाव्याची भाषा क्वचितच लाभते. परंतु ज्या क्षणी नागरिक आणि सैनिक हे दोन शब्द समानार्थी झाले, त्या क्षणी नागरिकाची व्याख्या सेनेच्या हाती गेली, हे त्या भाषेच्या भरात कोणाच्या ध्यानी आले नसावे.

यानंतर पैशाचा प्रश्न येतो. वाङ्मयीन चर्चेत तो सहसा टाळला जातो. १७९६-९७ च्या इटलीच्या मोहिमेत बोनापार्टने जिंकलेल्या प्रदेशांतून खंडण्या वसूल केल्या. त्यांवर फौज पोसली आणि उरलेले धन पॅरिसला धाडले. संचालक मंडळाची तिजोरी रिकामी होती. सरकार सेनेला पगार देते, हा नेहमीचा क्रम उलटला. सेना सरकारला पोसू लागली. अशा सरकारने सेनापतीला जाब कोणत्या तोंडाने विचारावा?

निवडणुकांची कथा याहून उद्वेगजनक आहे. ऑक्टोबर १७९५ मध्ये पॅरिसच्या रस्त्यांवर राजनिष्ठांच्या उठावावर तोफा चालल्या. त्या बोनापार्टच्या होत्या. १७९७ च्या निवडणुकीत राजनिष्ठांची सरशी झाली, तेव्हा संचालकांनी सैन्य बोलावून निकाल रद्द करवले. त्यासाठी ओजरो हा सेनानी बोनापार्टनेच पाठवला होता. १७९८ साली डावे निवडून आले, तर तेही निकाल रद्द झाले. हे सारे प्रजासत्ताकाच्या रक्षणार्थ, प्रजासत्ताकवाद्यांनीच केले. मताला किंमत नाही हे मतदार नेपोलियनच्या आधीच शिकला होता.

म्हणून नोव्हेंबर १७९९ चा ब्र्युमेअरचा कट हे आम्हांला आरंभापेक्षा उपसंहारासारखे वाटते. तो रचला सिएयेसने. १७८९ साली ‘तिसरा वर्ग म्हणजे काय?’ ही पुस्तिका लिहून क्रांतीला वाणी देणारा हाच तो ग्रंथकार. त्याला नवी घटना हवी होती आणि तिच्यासाठी एक तलवार हवी होती. त्याने हेरलेला जूबेर ऑगस्टमध्ये नोवीच्या लढाईत पडला. ऑक्टोबरात बोनापार्ट इजिप्तहून परतला. प्रत्यक्ष सँ-क्लू येथे बोनापार्ट सभागृहात गडबडला, त्याला धक्काबुक्की झाली. अखेर त्याचा भाऊ ल्युसियँ, जो सभागृहाचा अध्यक्षच होता, त्याने सैनिकांना चेतवले आणि नगाऱ्यांच्या घोषात सभागृह रिकामे करण्यात आले. रात्री मूठभर प्रतिनिधींना पुन्हा गोळा करून रीतसर ठराव संमत करवून घेतला. कायद्याची ही हौस कोणत्याही संगिनीइतकीच बोलकी आहे. नव्या घटनेवर जनमत घेतले गेले. अधिकृत आकडा तीस लाख होकारांचा होता आणि खरे होकार त्याच्या निम्म्याच्या आसपास होते, हे पुढच्या संशोधनातून उघड झाले.

तरीही लोक केवळ फसले, असे म्हणणे त्यांच्यावर अन्यायाचे होईल. २ डिसेंबर १८०४ रोजी नोत्र-दाममध्ये सम्राटाने घेतलेल्या शपथेत हक्कांच्या समतेबरोबरच ‘राष्ट्रीय’ ठरवून विकलेल्या जमिनींचे व्यवहार अबाधित राखण्याचे वचन होते. चर्चच्या व परागंदा सरदारांच्या त्या जमिनी ज्यांनी विकत घेतल्या, त्यांना जुना राजा परतण्याची भीती होती. नव्या सम्राटाने त्यांना त्यांच्या हिश्श्याची क्रांती राखून दिली. ज्यांच्या हिश्श्याला काही राहिले नाही, त्यांची यादी मोठी आहे: १७९४ साली रद्द झालेली गुलामगिरी १८०२ साली वसाहतींत परतली, आणि १८०४ च्या नागरी संहितेने पत्नीला पतीच्या आज्ञेत बसवले.

साम्राज्य स्थापन करणाऱ्या मे १८०४ च्या ठरावात प्रजासत्ताकाचे शासन एका सम्राटाच्या हाती सोपवले जात आहे, असे म्हटले होते. एका बाजूला ‘सम्राट नेपोलियन’ आणि दुसऱ्या बाजूला ‘फ्रेंच प्रजासत्ताक’ अशी नाणी १८०८ पर्यंत पाडली जात होती. शब्द मरत नाहीत, त्यांना पगारी नोकरीवर ठेवले जाते.

ट्रिब्युनेटमध्ये या ठरावाविरुद्ध उभा राहून बोलला तो लाझार कार्नो. १७९३ च्या त्या प्रचंड सेनेची व्यवस्था याच गणितज्ञाने लावली होती, आणि १७९७ च्या लष्करी कारवाईत जीव वाचवून त्यालाच देशाबाहेर पळावे लागले होते. १८१४ साली शत्रू दाराशी आला तेव्हा त्याने सम्राटापाशी सेवा मागितली व अँटवर्पचा बचाव केला. १८१५ च्या शंभर दिवसांत तो नेपोलियनचा गृहमंत्री झाला, काउंट हा किताबही त्याला मिळाला. १८२३ साली माग्डेबुर्ग येथे तो निर्वासित म्हणून वारला.