काळी भुकटी आणि हिरवं द्रावण

लिथियम-आयन बॅटऱ्या दळल्या की काळी भुकटी उरते. धंद्यात तिला ‘ब्लॅक मास’ म्हणतात. लिथियम, कोबाल्ट, निकेल, सगळा ऐवज तिच्यातच. तो काढायचा तर एक तर भट्टी पेटवा, नाहीतर सल्फ्युरिक आम्ल ओता. भट्टीत लिथियम बहुतेक धातुमळीत जातं. आम्लानंतर सांडपाणी निस्तरावं लागतं.

अमेरिकेतल्या राइस विद्यापीठात मूळचे केरळचे पुलिकल अजयन यांच्या गटाने 2019 मध्ये तिसरी वाट दाखवली. कोंबड्यांच्या खाद्यात घालतात ते कोलीन क्लोराइड आणि गाडीच्या कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल एकत्र केलं, की साध्या तापमानालाही पातळ राहणारा द्रव होतो. त्यात बॅटरीतलं लिथियम कोबाल्ट ऑक्साइड तापवलं तर 90 टक्क्यांहून अधिक कोबाल्ट द्रवात उतरतो. आम्ल नाही, भट्टी नाही, म्हणून हे द्रावण ‘हिरवं’, म्हणजे पर्यावरणस्नेही, म्हणवलं गेलं.

मग घोडं अडलं कुठे? तापमान 180 अंशांच्या घरात न्यावं लागतं, आणि तिथे हे द्रावणच फुटू लागतं, असं पुढच्या अभ्यासांत दिसलं. त्यातून ट्रायमिथाइल अमीन निघतं. सडक्या मासळीचा वास येतो तो याचाच. ‘हिरवं’ हे बिरुद एवढ्या लवकर लावायला नको होतं, असं आमचं स्पष्ट मत आहे. कमी तापमानात चालणारी मिश्रणं शोधणं सुरू आहे. या अंकातले लेख त्याच खटपटीबद्दल आहेत.

आपल्याकडे 2022 च्या नियमांनी जुन्या बॅटऱ्यांची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. पण बॅटरी त्यांच्यापर्यंत पोचली तर! ड्रॉवरमधला बंद मोबाइल भंगारवाल्याला न देता अधिकृत संकलन केंद्रात द्या.