आधी गोळी पोचवा

सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारावरच्या ‘कॅसजेवी’ या जनुकीय उपचाराला अमेरिकेत डिसेंबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. गडचिरोलीकडे प्रयोगशाळा तंत्रज्ञ म्हणून माझी नोकरी झाली. सिकलसेलच्या चाचणीत नळीतले द्रावण गढूळ होऊन मागच्या रेघा दिसेनाशा झाल्या, की समोरच्या आईला काय सांगायचे, हा प्रश्न पडायचा.

या उपचाराची युक्ती मोठी देखणी आहे. बाळ पोटात असताना त्याच्या रक्तात वेगळे हिमोग्लोबिन असते. जन्मानंतर ते जवळजवळ बंद पडते. रुग्णाच्याच मूळपेशी काढून, क्रिस्पर या जनुके कापणाऱ्या कात्रीने ‘बीसीएल११ए’ या जनुकाचा लगाम सैल केला, की ते पुन्हा तयार होऊ लागते. बहुतेक रुग्णांचे वेदनांचे तीव्र झटके थांबतात. मात्र त्याआधी जड केमोथेरपी सोसावी लागते, आणि किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे १८ कोटी रुपये!

दिल्लीच्या आयजीआयबी या संशोधन संस्थेने देशी क्रिस्पर उपचाराचे काम हाती घेतले आहे. तो उपचार स्वस्त होवो. पण हायड्रॉक्सियुरिया ही साधी, जुनी गोळी वेदनांचे झटके कमी करते, आणि ती रोज घ्यावी लागते. पावसाळ्यात नाल्यापलीकडच्या पाड्यावर ती संपली, तर क्रिस्परच्या बातमीचा तिथे काय उपयोग? शासनाने प्रत्येक आरोग्य उपकेंद्रात निदान तीन महिन्यांचा साठा पावसाआधी ठेवावा.