राज्याच्या सीमेवर अडलेला कायदा

पुणे-अहिल्यानगर रस्त्यावरील शिक्रापूर हे आता केवळ आठवडे बाजाराचे गाव राहिलेले नाही. चाकणचा रस्ता येथेच फुटतो. एका अंगास सणसवाडी व कोरेगाव भीमा येथील कारखाने, तर दुसऱ्या अंगास रांजणगावची औद्योगिक वसाहत आहे. तेथे कंत्राटी कामावर उत्तर प्रदेश, बिहारकडून आलेले तरुण भाड्याच्या खोल्यांतून दाटीवाटीने राहतात. याच शिरूर तालुक्यात आणि शेजारच्या दौंडमध्ये दिवाळीच्या सुमारास बीडकडील ऊसतोडणीच्या टोळ्या उतरतात व फडाशेजारी खोपी घालून पाच-सहा महिने काढतात. दोघांनीही पोटासाठी घर सोडलेले असते. परंतु केंद्राच्या कायद्याच्या लेखी पहिला स्थलांतरित ठरतो, दुसरा ठरत नाही.

ही विसंगती जुनी आहे. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याने छायाचित्रासह पासबुक, विस्थापन भत्ता, प्रवासभाडे अशा तरतुदी केल्या. मात्र कामगाराची माहिती सरकारला कळविण्याचे काम ठेकेदाराकडे सोपविले. ज्याचा लाभ नोंद न होण्यात आहे, त्यानेच नोंद करावी अशी ती अपेक्षा होती. तिचे फळ २०२० च्या टाळेबंदीत दिसले. कोणत्या गावी कोठले किती मजूर आहेत, याची भरवशाची यादी कोणत्याच सरकारपाशी नव्हती. ८ मे २०२० रोजी जालन्याहून मध्य प्रदेशाकडे पायी निघालेले सोळा मजूर करमाडजवळ रुळांवर मालगाडीखाली सापडून मेले, तेव्हा देशाला त्यांचे अस्तित्व जाणवले.

त्याच वर्षी संसदेने व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता संमत केली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती अमलात आली आणि १९७९ चा कायदा तीत विलीन झाला. ठेकेदाराशिवाय स्वतःहून आलेल्या मजुरासही तिने स्थलांतरित मानले, आणि कामाच्या ठिकाणी शिधा मिळण्याची तरतूद केली, हे स्वागतार्हच होय. परंतु पूर्वी पाच मजुरांना लागू होणाऱ्या तरतुदी आता दहांपासून लागू होतात. विस्थापन भत्ता गळाला आहे. आणि राज्याची सीमा ओलांडण्याची अट कायम आहे. बीडहून शिरूरला येणारा मजूर ती कधीच पुरी करू शकणार नाही.

या मजुराचे नाते कारखान्याशी नसते, मुकादमाशी असते. हंगामापूर्वी घेतलेली उचल फेडण्यासाठी तो राबतो. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो आणि त्या हिशेबात बाईच्या श्रमाला तिचे स्वतःचे नाव उरत नाही. ऊसतोड कामगारांसाठी राज्याने कल्याण महामंडळ स्थापिले आहे, परंतु कल्याण आणि हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मालक कोण, मजुरी कोणाकडून मागावयाची, अपघाताची भरपाई कोणी द्यावयाची, हे महामंडळ ठरवीत नाही.

ते ठरविण्यासाठी दिल्लीकडे पाहण्याचे कारण नाही. आंतरराज्य स्थलांतर हा केंद्रसूचीतील विषय असला तरी कामगारकल्याण समवर्ती सूचीत आहे. १९६९ साली याच महाराष्ट्राने माथाडी कायदा करून हमालाची नोंद व मजुरी मंडळाच्या हाती दिली आणि टोळीवाल्याची मक्तेदारी मोडली. तोच मार्ग ऊसतोड कामगारांसाठी का खुला होऊ नये?

होत नाही, याचे कारण राजकीय आहे. साखर कारखान्यांच्या संचालकांना विधिमंडळात आवाज आहे. मजुराचे मत मात्र एका तालुक्यात आणि श्रम दुसऱ्या तालुक्यात असतात. कारखानदारीत परप्रांतीयांची नोंद म्हटली की भूमिपुत्रांच्या हक्काचा प्रश्न पुढे केला जातो. वस्तुतः स्थानिक तरुणाला डावलले जाते ते बेनोंद मजूर स्वस्त पडतो म्हणून. त्याला नोंद व नियमाप्रमाणे वेतन मिळाले, तर स्वस्ताईचे हे आमिषच उरणार नाही.

तेव्हा संहितेखालील नियमांत मजुराला स्वतःच, तोही ग्रामपंचायतीत, नाव नोंदविता यावे. आणि राज्यांतर्गत स्थलांतरितांसाठी विधानसभेने वेगळा कायदा करावा, ज्यात पती व पत्नी यांची नोंद स्वतंत्र असेल. अशा कायद्याची शक्यता आज उजळ दिसत नाही. परंतु दरसाल हंगाम सुरू होतो तेव्हा गाड्या बीडहून निघतातच, आणि त्यांतील माणसांची गणती करण्यास कोणत्याही घटनादुरुस्तीची गरज नाही.