विश्लेषण : ‘टर्न-बेस्ड’ की ‘रिअल-टाइम’? स्ट्रॅटेजी गेममध्ये खरी लढत वेळेशीच!

‘बाल्डर्स गेट’ ही गेमची मालिका १९९८ मध्ये सुरू झाली, तेव्हा तिच्यातील लढाया सलग चालत. हवे तिथे ‘पॉज’ करण्याची सोय तेवढी होती. २०२३ मध्ये तिसरा भाग आला आणि लॅरियन स्टुडिओजने ही पद्धत सोडून पाळीपाळीने चाल करण्याची पद्धत आणली. याच गेमने त्या वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये सर्वोत्तम गेमचा पुरस्कार पटकावला. संथ म्हणून हिणवल्या जाणाऱ्या पद्धतीला एवढी पसंती का मिळते?

दोन्ही पद्धतींत फरक काय?

‘टर्न-बेस्ड’ गेम बुद्धिबळासारखा असतो. तुमची चाल होईपर्यंत समोरचा थांबतो. १९९१ चा ‘सिव्हिलायझेशन’ हे त्याचे ठळक उदाहरण. ‘रिअल-टाइम’मध्ये कोणीच कोणासाठी थांबत नाही. १९९२ च्या ‘ड्यून २’ने या प्रकाराची घडी बसवली आणि १९९७ च्या ‘एज ऑफ एम्पायर्स’ने तो घरोघरी नेला.

‘रिअल-टाइम’मध्ये कस कशाचा लागतो?

लक्षाचा. एकीकडे गावकरी लाकूड तोडत असतात, दुसरीकडे शत्रू चालून येत असतो आणि खेळाडूला एका वेळी एकाच ठिकाणी पाहता येते. डावपेच ठाऊक असूनही हात मागे पडला की डाव हातचा जातो. हाच थरार पाहण्यासाठी दक्षिण कोरियात ‘स्टारक्राफ्ट’च्या लढती टीव्हीवर दाखवल्या जात. २०१९ मध्ये डीपमाइंडच्या ‘अल्फास्टार’ या एआयने ‘स्टारक्राफ्ट २’च्या व्यावसायिक खेळाडूंना हरवल्याचे जाहीर झाले, तेव्हाही वाद झाला तो याच मुद्द्यावर : हा विजय डोक्याचा की माणसाला न जमणाऱ्या वेगाचा? पुढच्या आवृत्तीत तिच्या वेगावर अधिक कडक मर्यादा घालण्यात आल्या.

मग ‘टर्न-बेस्ड’ सोपे असते का?

तसे नाही. इथे विचाराला हवा तेवढा वेळ मिळतो, म्हणून सबबही उरत नाही. चुकले तर निर्णयच चुकलेला असतो. वेळ बदलला की कसोटी कशी बदलते, हे बुद्धिबळातही दिसते. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ चा महिला विश्वचषक जिंकला, तेव्हा कोनेरू हम्पीविरुद्धचे अंतिम फेरीतील दोन्ही क्लासिकल डाव बरोबरीत सुटले होते. निकाल लागला तो कमी वेळाच्या रॅपिड डावांत.

कोणासाठी काय योग्य?

वरवर पाहता वेगवान गेम घाईच्या आयुष्याला साजेसा वाटतो. प्रत्यक्षात उलटे आहे. ऑनलाइन ‘रिअल-टाइम’ सामना अर्ध्या-पाऊण तासात संपू शकतो, पण तो वेळ सलग लागतो. मधेच दाराची बेल वाजली तर किल्ला पडलाच म्हणून समजा. एकट्याने खेळायचा ‘टर्न-बेस्ड’ गेम मात्र कुठेही सोडता येतो. नोकरी, घर, मुले सांभाळून खेळणाऱ्यांना आणि बोटांच्या हालचालीवर मर्यादा असलेल्यांना तो म्हणूनच जवळचा वाटतो.

अर्थात त्यातही एक मेख आहे. ‘आता एकच पाळी’ म्हणत पहाट कधी होते, हे ‘सिव्हिलायझेशन’ खेळणाऱ्यांना चांगलेच ठाऊक असते. एक प्रकार थांबू देत नाही, तर दुसऱ्यात थांबावेसे वाटत नाही. त्यामुळे गेम निवडताना आवडीइतकाच आपल्याकडे वेळ कसा आहे, सलग की तुकड्यातुकड्यांचा, हेही पाहिलेले बरे.