सुकाणूचा खुळखुळा

मंडळी, आमचं नाचणगाव समुद्रापासून शेकडो मैल दूर. तरी परवा भाच्याशी फोनवर सुकाणूवरून वाद झाला! तो गोव्याला असतो. शिडाची जुनी कॅटामरान, म्हणजे जोडहोडी घेतलीय. तिला दोन सुकाणू, वर दोन्हींना जोडणारा एकच दांडा.

"मामा, सुकाणू जरा खुळखुळतं, पण चालतंय," म्हणाला. आणि रविवारी लेकीला घेऊन निघणार होता!

हे "चालतंय" मी शाळेत जन्मभर ऐकलं. बंडीचं चाक डुगडुगलं की आपला शेतकरी आधी आख बघतो. मी म्हटलं, "एकाने पातं घट्ट धरा, दुसऱ्याने दांडा हलवा, आणि एकेक सांधा बघा." बघितलं तर बिजागरीची भोकं लांबट झालेली, जोडदांड्याची टोकंही झिजलेली. थोडं थोडं मिळून बरंच झालेलं. नुसते नट आवळले असते तर सुकाणू जाम झालं असतं, झीज तशीच राहिली असती. शेवटी नवीन बुश आणि खिळी बसवल्या. रविवार हुकला. लेक रुसली.

रुसू द्या. २०१८ साली नौदलाच्या सहा महिला अधिकारी 'तारिणी'तून पृथ्वीप्रदक्षिणा करून परतत होत्या. सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाला, तेव्हा घर जवळ आलेलं असूनही त्या मॉरिशसला थांबल्या. वर्तिका जोशींच्या त्या चमूला थांबण्यात कमीपणा वाटला नाही. मग आपल्यालाच का वाटावा?

तुमच्या घरी काय काय "चालतंय"? जरूर कळवा.