हजेरीपटाबाहेरचे तास

वीस वा अधिक नोकर असलेल्या दुकाने व आस्थापनांत दैनंदिन कामाची मर्यादा नऊवरून दहा तास, आणि तीन महिन्यांतील जादा कामाची 125 वरून 144 तास करण्याचा निर्णय महाराष्ट्र मंत्रिमंडळाने सप्टेंबर 2025 मध्ये घेतला. आठवड्याची 48 तासांची मर्यादा व जादा कामास दुप्पट वेतन कायम राहिले. परंतु दोन दिवस कचेरीत व तीन दिवस घरी काम करणाऱ्याचे तास मोजावयाचे कोणी? दारावरचे कार्डयंत्र बाहेर पडल्याची वेळ टिपते. रात्री जेवणाचे ताट बाजूस सारून पाठविलेला हिशेब त्याला दिसत नाही. नोंद नाही म्हणून जादा काम नाही, आणि जादा काम नाही म्हणून वेतन नाही, असा हा सोयीचा न्याय आहे!

युरोपीय न्यायालयाने 14 मे 2019 रोजी स्पेनमधील एका खटल्यात, मालकाने रोजच्या तासांची वस्तुनिष्ठ, विश्वसनीय व सहज पाहता येईल अशी नोंद ठेवलीच पाहिजे, असे ठरविले. आमच्या मते तिसरी अट सर्वांत मोलाची. नोकराला न दिसणारी नोंद त्याच्या काय कामाची?

घरातील संगणकाचा कॅमेरा दिवसभर चालू ठेवावयास लावणे ही मात्र नोंद नव्हे, पाळत होय. आरंभ, विश्रांती व शेवट एवढ्या वेळा पुरेत. त्या नोकराने लिहाव्या, वरिष्ठाने दर आठवड्यास पाहाव्या. मास्तरकीच्या दिवसांत घरी तपासलेल्या वह्यांचे तास आम्हीही कधी मोजले नाहीत. त्यात आमचे शहाणपण नव्हते. कामगार खात्याने असा नमुना ठरवून द्यावा. मालकांनी मात्र त्याची वाट पाहण्याचे कारण नाही.